आकडे खरे, निष्कर्ष कच्चा

चालकविरहित टॅक्सीचे समर्थक पूर्वी भविष्याची चित्रे रंगवत. आता ते आकडे पुढे करतात, आणि ते आकडे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. म्हणून आधी त्यांचा पूर्वपक्ष, कुठेही पातळ न करता, मांडतो.

गूगलमध्ये २००९ साली प्रकल्प म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे वेमो या नावाने वेगळ्या झालेल्या कंपनीच्या गाड्यांनी सप्टेंबर २०२५ पर्यंत चालकाच्या जागी कोणीही न बसता १२ कोटी ७० लाख मैल, म्हणजे सुमारे २० कोटी किलोमीटर प्रवास केला. फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, ऑस्टिन या शहरांतल्या माणसांच्या गाड्यांशी तुलना करून कंपनी सांगते की, तेवढ्याच अंतरामागे गंभीर इजेचे अपघात ९१ टक्क्यांनी कमी झाले. त्याआधी स्विस री या विमा व्यवसायातल्या बड्या कंपनीबरोबर अडीच कोटी मैलांमागचे विमादावे तपासले गेले, तेव्हा शारीरिक इजेचे दावे ९२ टक्क्यांनी कमी निघाले. दुसऱ्या पारड्यात अमेरिकेच्या रस्त्यांवर २०२३ या एका वर्षात मेलेली ४०,९०१ माणसे आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एका न्यूरोसर्जनने याच आकड्यांवरून निर्वाळा दिला. औषधाच्या चाचणीत एवढा ढळढळीत फायदा दिसला तर चाचणी मध्येच थांबवून औषध सर्वांना देतात, इथेही तेच करायला हवे, असे त्यांचे म्हणणे. अटी घालणारी शहरे आणि परवाने अडवणारी राज्ये जीव घालवत आहेत, हा त्यातून निघणारा आरोप. भारतातून आलेल्या आईवडिलांना वेमोतून एक चक्कर मारून आणणे हा बे एरियातल्या कितीतरी मराठी घरांचा आता ठरलेला कार्यक्रम आहे, आणि त्या चकरेनंतर याच युक्तिवादाची घरगुती आवृत्ती ऐकू येते: बघा, किती शहाण्यासारखी चालते, मग अडवता कशाला?

यातले आकडे मला मान्य आहेत. निष्कर्ष मान्य नाही. आणि ज्यांना आकडेही मान्य नाहीत त्यांच्या पंगतीला मी बसत नाही, हेही इथेच सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये जमावाने वेमोची रिकामी गाडी जाळली, तेव्हा टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते. यंत्र म्हणजे मारेकरी असे मानणाऱ्यांना एकच उत्तर आहे: रस्त्यावर रोज मारणारा आजवर माणूसच आहे. वेमोची गाडी दारू पीत नाही, पेंगत नाही, मोबाइलवर बोट फिरवत नाही, मागच्याच्या हॉर्नला चिडून वेग वाढवत नाही. हे गुण खरे आहेत आणि त्यांचा परिणाम आकड्यांत दिसतो. प्रश्न त्यापुढचा आहे.

औषधाच्या चाचणीचा दाखला समर्थकांनीच दिला आहे, तर तो पुरता तपासू. चाचणी मध्येच थांबवण्याचा निर्णय औषध कंपनी घेत नाही. कंपनीपासून स्वतंत्र असलेली तज्ज्ञांची समिती मधल्या टप्प्यावर आकडे बघते आणि सल्ला देते. कोणत्या रुग्णाला औषध आणि कोणाला साधी गोळी, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. बरे होण्याजोगे रुग्ण निवडून औषध त्यांनाच देता येत नाही. यशाची व्याख्या काय, मोजायचे काय, हे चाचणीआधी लिहून ठेवावे लागते. आणि प्रत्येक रुग्णाची लेखी संमती असते. आता रस्त्यावर या. कोणत्या शहरात, कोणत्या गल्ल्यांत, कोणत्या हवेत गाड्या सोडायच्या हे कंपनी ठरवते. गोठलेले, बर्फाळ रस्ते तिने सुरुवातीला घेतले नाहीत. महामार्गावर सर्वसामान्य प्रवाशांना ती २०२५ च्या अखेरीस नेऊ लागली. तुलनेची पद्धत कंपनीच्या संशोधकांनी बसवली. ती पद्धत शास्त्रीय नियतकालिकात छापून आली, माहिती खुली ठेवली गेली, ही वेमोच्या बाजूची जमेची गोष्ट आहे आणि ती मी नाकारत नाही. पण चाचणीत भाग घेणाऱ्याची संमती? टॅक्सीत बसणाऱ्याने ती ॲपवर दिली. झेब्रा क्रॉसिंगवरून जाणाऱ्या आजीने कधी दिली? दाखला औषधाचा द्यायचा आणि औषधाला लागू असलेली शिस्त मात्र गाळायची, हे चालणार नाही.

दाखल्यातली सर्वांत मोठी फट अजून पुढेच आहे. एका कंपनीच्या गोळीची चाचणी यशस्वी झाली म्हणून दुसऱ्या कंपनीच्या गोळीला परवाना मिळत नाही. इथे मात्र ‘चालकविरहित टॅक्सी सुरक्षित आहे’ हे वाक्य वेमोच्या आकड्यांवर उभे राहते आणि त्याच्या सावलीत इतर सगळे शिरतात. टेस्लाने जून २०२५ मध्ये ऑस्टिनमध्ये आपली सेवा सुरू केली ती शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून. तिच्या गाड्यांवर वेमोसारखे लिडार, म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणारी उपकरणे, नाहीत, सारी मदार कॅमेऱ्यांवर. आणि केंद्रीय महामार्ग सुरक्षा संस्थेकडे जे अपघात नोंदवावे लागतात, त्यांतला ‘नेमके काय घडले’ हा रकाना टेस्ला व्यावसायिक गुपित म्हणून झाकत आली. म्हणजे एका कंपनीने स्वखुशीने दाखवलेल्या प्रगतिपुस्तकावर दुसरीला पास करा, असा हा आग्रह आहे.

हा धोका काल्पनिक नाही. तो एकदा घडून गेला आहे, आणि तोही सॅन फ्रान्सिस्कोतच. जनरल मोटर्सच्या मालकीच्या क्रूझ या कंपनीने २०२३ मध्ये आपल्या पहिल्या दहा लाख चालकविरहित मैलांचा हिशेब मांडला होता. त्यातही माणसापेक्षा धडका कितीतरी कमी असल्याचे सांगितले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये माणूस हा फार वाईट ड्रायव्हर आहे अशा मथळ्याच्या पानभर जाहिराती तिने वृत्तपत्रांत दिल्या. १० ऑगस्ट २०२३ रोजी कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक सेवा आयोगाने ३ विरुद्ध १ मतांनी क्रूझ आणि वेमो या दोघांनाही सॅन फ्रान्सिस्कोत अहोरात्र भाडे घेऊन गाड्या चालवण्याची मुभा दिली. बाजूने मत देणाऱ्यांपैकी एक सदस्य पूर्वी क्रूझचेच वकील होते. शहराच्या वाहतूक विभागाने आणि अग्निशमन दलाने केलेला विरोध नोंदवला गेला आणि बाजूला ठेवला गेला. दुसऱ्याच रात्री नॉर्थ बीच भागात क्रूझच्या दहाएक गाड्या रस्त्यातच थिजल्या. आठवड्याच्या आत एक गाडी निघालेल्या बंबाला भिडली.

मग २ ऑक्टोबरची रात्र आली. माणसाने चालवलेल्या एका गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला उडवले आणि ती गाडी पळून गेली. महिला शेजारच्या लेनमधल्या क्रूझच्या गाडीपुढे पडली. क्रूझच्या गाडीने ब्रेक मारला, पण ती तिच्या अंगावर गेलीच. इथपर्यंत माणूस चालक असता तरी कदाचित हेच घडले असते. पुढचे घडले नसते. आपल्याला बाजूने धडक बसली आहे असा अर्थ गाडीने लावला आणि नियमाप्रमाणे कडेला जाण्यासाठी ती पुन्हा निघाली, खाली अडकलेल्या महिलेला सुमारे २० फूट फरफटत. कितीही बेफिकीर ड्रायव्हर असो, आत्ताच आपल्या गाडीखाली एक माणूस गेला आहे हे तो विसरत नाही.

या प्रकरणात तंत्राच्या चुकीपेक्षाही कंपनीचे वागणे बोलके आहे. अधिकाऱ्यांना दिलेल्या पहिल्या लेखी अहवालात फरफटीचा उल्लेख नव्हता. बैठकीत व्हिडिओ लावला, तोच पुरेसा बोलेल म्हणून तोंडाने कोणी काही सांगितले नाही. काही बैठकांत इंटरनेट अडखळल्याने तो धड दिसलाही नाही. हे सगळे क्रूझनेच नेमलेल्या वकिलांच्या जानेवारी २०२४ मधल्या अहवालात आले आहे. २४ ऑक्टोबरला राज्याच्या मोटार वाहन विभागाने परवाने स्थगित केले, नोव्हेंबरमध्ये मुख्याधिकारी पायउतार झाले. २०२४ मध्ये महामार्ग सुरक्षा संस्थेने १५ लाख डॉलरचा दंड केला. तपासावर प्रभाव टाकण्यासाठी खोटा अहवाल दिल्याची कबुली देऊन कंपनीने फौजदारी प्रकरण ५ लाख डॉलरवर मिटवले. डिसेंबर २०२४ मध्ये, १,००० कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतल्यानंतर, जनरल मोटर्सने हा धंदाच आवरला.

समर्थक म्हणतील, क्रूझ बुडाली, म्हणजे व्यवस्थेने आपले काम केले. केले, पण एका महिलेचे शरीर फरफटल्यानंतर. ज्यांनी आधी सावध केले होते त्यांना त्या वेळी प्रगतीचे शत्रू ठरवले गेले, ते आजच्याच भाषेत. वेमो म्हणजे क्रूझ नव्हे, हे मला मान्य आहे. पण ऑगस्ट २०२३ मध्ये आयोगाने दोघांना एकाच दिवशी, एकाच आदराने परवानगी दिली होती. कोणती कंपनी कशी आहे हे ओळखण्याचे साधन तेव्हा आयोगाकडे नव्हते आणि ते तयार करण्याची निकड आजही दिसत नाही. उलट २०२५ मध्ये केंद्रीय संस्थेने अपघात नोंदवण्याचे नियम आणखी सैल केले.

आता तुलनेकडे. ‘माणसापेक्षा ९१ टक्के कमी’ यातला माणूस कोण? त्या सरासरीत पिऊन चालवणारा आहे. अमेरिकेत रस्त्यावरच्या दर दहा मृत्यूंपैकी तीन मृत्यू मद्यपी चालकाच्या अपघातांत होतात. त्यात कालच परवाना मिळालेला पोरगा आहे, ब्रेक झिजलेली वीस वर्षे जुनी गाडी आहे. वेमोची गाडी मात्र नवी, महागडी, रोज देखभाल होणारी. समाजाच्या हिशेबाला ही तुलना चालते, कारण रस्त्यावर सरासरी माणूसच असतो. पण टॅक्सीची सुरक्षितता जोखायची तर तुलना टॅक्सीच्या व्यावसायिक चालकाशी हवी, आणि आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेची सोबत असलेल्या नव्या गाडीशीही हवी. कारण तोच फायदा बऱ्याच अंशी स्वस्तात मिळत असेल, तर धोरण ठरवणाऱ्याने ते पाहायला नको का?

याच माळेतला एक जुना मणी म्हणजे ‘९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात’ हे वाक्य. अमेरिकी महामार्ग सुरक्षा संस्थेच्या २०१५ च्या टिपणातून ते आले. अपघाताच्या साखळीतली शेवटची कडी ९४ टक्के वेळा चालकाकडे होती, एवढेच त्या टिपणात होते, आणि याचा अर्थ दोष चालकाचा असा घेऊ नये हेही तिथेच लिहिले होते. शेवटची कडी चालकाची असली तरी आधीच्या कड्या रुंद रस्त्याच्या, अंधाऱ्या चौकाच्या, नसलेल्या फुटपाथच्या असतात. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षांनी या वाक्याच्या वापरावर जाहीर टीका केली आणि २०२२ मध्ये ते संस्थेच्या संकेतस्थळावरून निघाले. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संशोधन संस्थेने २०२० मध्ये हिशेब केला की, स्वयंचलित गाड्या माणसासारख्याच घाईने चालल्या तर त्या फार तर एक तृतीयांश अपघात टाळतील. बाकीचे टाळायचे तर गाडीला प्रवाशाच्या घाईपेक्षा सुरक्षिततेला वरचढ मानावे लागेल. म्हणजे सुरक्षितता यंत्रात आपोआप भरलेली नसते. मालकाने कोणत्या गोष्टीला किती महत्त्व दिले, यावर ती ठरते. बाजारात स्पर्धा तीव्र झाल्यावर ते महत्त्व तसेच राहील याची हमी आकड्यांत नाही.

मृत्यूंचे काय? ‘जीव वाचवते’ असे म्हणताना दाखला इजांचा दिला जातो. अमेरिकेत दर १० कोटी मैलांमागे साधारण सव्वा मृत्यू होतो. तेव्हा १२ कोटी ७० लाख मैलांत सरासरी माणसाच्या हातूनही दीडेक मृत्यूच अपेक्षित आहे. एवढ्या लहान संख्येवरून काही सिद्ध होत नाही. रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने २०१६ मध्येच दाखवून दिले होते की, मृत्यूचा दर माणसाइतकाच आहे एवढे ९५ टक्के खात्रीने म्हणायलादेखील एकही मृत्यू न होता २७ कोटी ५० लाख मैल लागतील, आणि माणसापेक्षा सरस असल्याचे दाखवायला त्याच्या कितीतरी पट. इजा घटल्या तर मृत्यूही घटतील, हा अंदाज वाजवी आहे. पण तो अंदाज आहे. अंदाजाला पुरावा म्हणून विकायचे आणि शंका घेणाऱ्याला मृत्यूचा वाटेकरी ठरवायचे, हे शास्त्राच्या नावाने चाललेले दडपण आहे.

दर मैलामागच्या सरासरीत आणखी एक गोष्ट बुडून जाते. माणसांच्या चुका विखुरलेल्या असतात. एका ड्रायव्हरला भोवळ आली म्हणून शहरातल्या सगळ्यांना येत नाही. इथे मात्र एकच चालक हजारो गाड्यांत एकाच वेळी बसलेला आहे. २० डिसेंबर २०२५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत वीज उपकेंद्राला आग लागून सव्वा लाखाहून जास्त ग्राहकांची वीज गेली, सिग्नल बंद पडले. बंद सिग्नलवर आळीपाळीने निघायचे, हे गाड्यांना शिकवलेले होते. तरीही खात्री करून घेण्यासाठी त्यांनी दूर बसलेल्या मदतनिसांना विचारणा केली, विचारणांचा ढीग साचला आणि गाड्या चौकाचौकांत उभ्या राहिल्या. कंपनीला सेवा थांबवावी लागली. कोणी जखमी झाले नाही, म्हणून सुरक्षिततेच्या आकड्यात या रात्रीची नोंद शून्य. पण भूकंपाच्या शहरात, ज्या रात्री बंब आणि रुग्णवाहिका सर्वाधिक धावणार त्याच रात्री रस्ते तुंबवणारी गोष्ट असुरक्षित म्हणायची नाही, तर कशाला म्हणायची? २०२३ च्या ऑगस्टपर्यंतच सॅन फ्रान्सिस्कोच्या अग्निशमन दलाने चालकविरहित गाड्या कामात आडव्या आल्याच्या त्या वर्षातल्या ५५ घटना नोंदवल्या होत्या. पाइपवर चढलेली गाडी, बंबाची वाट अडवून थांबलेली गाडी. विमादाव्यात यांतले काहीच उतरत नाही. आग विझायला उशीर झाला तर तो मृत्यू आगीच्या खात्यावर जातो.

‘पण एक चूक सुधारली की सगळ्या गाड्यांत एकदम सुधारते’ हे समर्थकांचे उत्तर असते. हा खरोखर मोठा गुण आहे. ऑस्टिनमध्ये तो कसोटीला लागला. मुले उतरवण्यासाठी थांबलेल्या, पाटी बाहेर काढलेल्या स्कूल बसला ओलांडून जायचे नाही, हा अमेरिकेतल्या प्रत्येक शिकाऊ चालकाला पहिल्या धड्यात शिकवला जाणारा नियम. २०२५ च्या शालेय वर्षात वेमोच्या गाड्यांनी तो वीसच्या आसपास वेळा मोडल्याचे शाळा प्रशासनाने बसवरच्या कॅमेऱ्यांतून टिपले. कंपनीने नोव्हेंबरमध्ये दुरुस्ती केली. त्यानंतरही तेच घडले. मुलांच्या ये-जा करण्याच्या वेळांत गाड्या बंद ठेवा, ही शाळेची विनंती कंपनीने मानली नाही. डिसेंबरमध्ये तिला आपल्या सॉफ्टवेअरचा रिकॉल जाहीर करावा लागला. चूक होणे समजू शकते. दिवसातले दोन-तीन तास थांबा असे एका शाळेने सांगितले तर थांबायला भाग पाडण्याचा अधिकार त्या शाळेला नाही, शहरालाही नाही, हे समजण्यासारखे नाही.

जानेवारी २०२६ मध्ये सांता मोनिकात शाळा भरण्याच्या वेळी दुहेरी रांगेत उभ्या केलेल्या गाडीमागून एक मूल धावत रस्त्यावर आले आणि वेमोची धडक त्याला बसली. इजा किरकोळ. गाडीने वेग ताशी १७ मैलांवरून ६ च्या खाली आणला होता. पूर्ण लक्ष असलेला माणूस १४ मैलांच्या वेगाने आदळला असता, असे कंपनीने आपल्या प्रारूपाच्या आधारे सांगितले. ब्रेकची ही तत्परता कौतुकाची आहेच. पण हा हिशेब मूल दिसल्यानंतरच्या क्षणांचा आहे. शाळेची वेळ, फुटपाथवर पोरांची गर्दी, कडेला दुहेरी लागलेल्या गाड्या, हे चित्र पाहून शहाणा ड्रायव्हर मूल दिसण्याआधीच पाय ब्रेकवर आणतो. कंपनीचे प्रारूप चपळाई मोजते. रस्त्यावर चपळाईची वेळ न येऊ देणे हे खरे कौशल्य. आणि अपघातानंतर काही दिवसांतच आरोपीने स्वतःच्या प्रारूपावरून स्वतःला निर्दोष ठरवावे, ही सवलत माणूस चालकाला कोणत्या चौकीत मिळते?

इथे जबाबदारीचा मुद्दा येतो. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपे इथे उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला ठार केले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात निघाले की, गाडीच्या यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. कधी वाहन, कधी सायकल, कधी अनोळखी वस्तू असा तिचा अर्थ बदलत राहिला. झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी रस्ता ओलांडेल, ही शक्यताच रचनेत धरलेली नव्हती. गाडीत मूळची असलेली आपत्कालीन ब्रेक यंत्रणा संगणक चालवत असताना बंद ठेवली होती. हे सर्व निर्णय कंपनीचे. खटला मात्र झाला देखरेखीला बसवलेल्या, त्या वेळी मोबाइल पाहत असलेल्या महिलेवर. २०२३ मध्ये तिला तीन वर्षांची प्रोबेशन झाली. कंपनीवर गुन्हा नोंदला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, याहून वेगळे काय म्हणायचे? आता तर ती खुर्चीच रिकामी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन ब्रुनोच्या पोलिसांनी बेकायदा यू-टर्न घेणारी वेमो अडवली, पण पावती फाडायची कोणाच्या नावे, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. कॅलिफोर्नियाने कायदा केला तो जुलै २०२६ पासून लागू होणारा, आणि त्यातही पोलिसांच्या हाती येते ती नियमभंगाची नोटीस.

समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा शेवटी घेतो. रँडच्याच २०१७ च्या अभ्यासाने म्हटले की, गाड्या माणसापेक्षा फक्त १० टक्के सरस असतानाच रस्त्यावर आणल्या तर परिपूर्णतेची वाट पाहण्यापेक्षा कित्येक लाख जीव वाचतील. मला हे मान्य आहे, आणि मी परिपूर्णता मागतही नाही. पण त्या हिशेबाच्या मुळाशी ‘१० टक्के सरस आहेत हे कळले आहे’ असे गृहीत आहे. ते कोणी, कसे कळवायचे, हाच तर वाद आहे. शिवाय वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, हेही खोटे. न्यू जर्सीतल्या होबोकेन या दाट वस्तीच्या शहरात जानेवारी २०१७ नंतर कित्येक वर्षे रस्ते अपघातात एकही माणूस मेला नाही. चौकांच्या तोंडाशी गाड्या उभ्या करायला बंदी, कमी वेग, ठळक क्रॉसिंग एवढ्याच भांडवलावर. हेलसिंकीत जुलै २०२४ पासूनच्या वर्षभरात एकही मृत्यू नाही. तिथल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये ठरवले होते की २०२४ पर्यंत मृत्यू शून्यावर आणू. २०२४ मध्ये चाळीसहून जास्त मेले, २००७ नंतरचे सर्वांत वाईट वर्ष. तो दोष वेमोचा नाही. पण चालकविरहित टॅक्सी आली म्हणजे शहर सुरक्षित झाले, या समजुतीचे उत्तर त्यात आहे. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी धोक्याच्या जागा शोधून दुरुस्त केल्या आणि २०२३ पर्यंत ती संख्या निम्म्याच्या खाली आली. यात कोणतेही यंत्र चालकाच्या जागी बसले नव्हते.

ओघात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींचाही उल्लेख केला पाहिजे. चालकविरहित गाड्यांना भारतात येऊ देणार नाही, कारण त्याने ७० ते ८० लाख चालकांची भाकरी जाईल, असे त्यांनी २०२३ मध्ये सांगितले. रोजगाराचा मुद्दा स्वतःच्या पायावर उभा राहतो, पण तो सुरक्षिततेचा मुद्दा नव्हे. ज्या देशात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांतली पन्नास हजार हेल्मेट नसलेली होती, तिथे चालक वाचवल्याने प्रवासी वाचत नाही. पण उद्या दुसरा मंत्री येऊन दारे सताड उघडेल, तेव्हा त्यालाही रोजगाराखेरीज दुसरा प्रश्न विचारायला आपण शिकलेले नसू, ही खरी अडचण आहे.

मग मागणी काय? परवाना प्रत्येक कंपनीला तिच्या स्वतःच्या मैलांवर मिळावा, दुसरीच्या नव्हे. अपघातांबरोबर बंद पडणे, बंब अडवणे, दूरच्या मदतनिसाचा हस्तक्षेप, थोडक्यात टळलेल्या धडका, हे सगळे सक्तीने आणि उघडपणे नोंदवले जावे, आणि त्याचा ताळेबंद कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांनी मांडावा. शाळेच्या वेळा, आगीची जागा, मिरवणुकीचा रस्ता इथे गाड्या थांबवण्याचा अधिकार शहराला असावा. कायद्याच्या लेखी चालक म्हणून कंपनी उभी राहावी, दंडापासून फौजदारी जबाबदारीपर्यंत. आणि मैल वाढतील तशी, पायरी पायरीने, मुभा वाढावी.

यातली एकही अट चांगल्या कंपनीच्या आड येत नाही. वेमोचे आकडे ती म्हणते तसे असतील, तर बाहेरच्या तपासणीत ते अधिकच उजळून निघतील आणि क्रूझसारख्या स्पर्धकांच्या पापाचा डाग तिच्यावर पडणार नाही. या अटींचा फटका बसेल तो फक्त ज्याचे आकडे तपासणीत टिकणार नाहीत त्याला. म्हणून अटींना ‘प्रगतीतला अडथळा’ म्हणणाऱ्यांना माझा उलट सवाल आहे: नक्की कोणाची बाजू तुम्ही लढवता आहात? सार्वजनिक रस्त्यावर दोन टन वजनाचे यंत्र सोडणाऱ्याने ते सुरक्षित असल्याचे सिद्ध करायचे असते. ते असुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे पायी चालणाऱ्यावर टाकता येत नाही, आकडे कितीही चांगले असोत.